न पाहिलेला चेहरा : इंग्लंडच्या मध्ययुगीन राजांची स्मृतिपदके व मराठी परंपरा

१

नाणे आणि पदक ही दोन्ही एकाच कुळातील अपत्ये असली तरी त्यांचा धर्म भिन्न आहे. नाणे व्यवहारासाठी पाडले जाते आणि त्यावरील आकृती ही प्रथमतः त्याच्या शुद्धतेची हमी असते. पदकाला बाजारात किंमत नसते. त्याचे प्रयोजन केवळ स्मरण हे होय. म्हणूनच पदकावर कोरलेल्या चेहऱ्याची जबाबदारी नाण्यावरील चेहऱ्याहून अधिक असते. नाण्यावरील राजा ओळखू आला नाही तरी रुपया चालतो. पदकावरील व्यक्तीचा चेहरा खोटा ठरला तर मात्र त्याचे प्रयोजनच डळमळते. युरोपात या कलेचा खरा आरंभ पिझानेल्लो याच्यापासून झाला. १४३८-३९ च्या सुमारास बायझंटाइन सम्राट आठवा जॉन इटलीत आला असता त्याला प्रत्यक्ष पाहून पिझानेल्लोने पदक घडविले. प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचे टिकाऊ धातूत केलेले रूपचित्र, ही या कलेची मूळ प्रतिज्ञा.

त्यानंतर तीनशे वर्षांच्या आतच ही प्रतिज्ञा विलक्षण रीतीने ताणली गेली. जिनीव्हा येथील कोरक्या ज्याँ दास्ये (१६७६-१७६३) याने इंग्लंडच्या राजांची एक सलग पदकमाला १७३१ च्या सुमारास सिद्ध केली. पहिल्या विल्यमपासून त्या वेळी गादीवर असलेल्या दुसऱ्या जॉर्जपर्यंत तेहतीस राजे व राण्या तीत आहेत. सर्व पदके एकाच मापाची, सुमारे ४१ मिलिमीटर व्यासाची. दर्शनी बाजूस मुखबिंब व नाव, मागील बाजूस थडग्यासारखी वास्तू, तिच्याभोवती प्रतीकात्मक आकृती आणि जन्म, राज्यारोहण व मृत्यू यांची वर्षे. माला दुसऱ्या जॉर्जला अर्पण केलेली आहे. कारागिरीच्या दृष्टीने तिच्यात उणे काढण्यासारखे फारसे नाही. ठशांचा उठाव बेताचा व रेखीव आहे, अक्षरे स्वच्छ आहेत, आणि संपूर्ण संच एकत्र मांडला असता एका राजवंशाची अखंड मिरवणूक डोळ्यांपुढून गेल्याचा भास होतो. प्रश्न कारागिरीचा नाही. पहिला विल्यम १०८७ मध्ये वारला. त्याचा चेहरा दास्येला कोठून मिळाला, हा प्रश्न आहे.

२

या प्रश्नाचे उत्तर शोधताना इंग्लंडच्या मध्ययुगीन राजांच्या प्रतिमांची साधने कोणती होती ते पाहिले पाहिजे. सर्वांत विपुल साधन नाण्यांचे, आणि सर्वांत निरुपयोगीही तेच. मध्ययुगीन इंग्रजी पेनीवर मुकुटधारी मुख असते खरे; परंतु ते कोणा एका राजाचे मुख नव्हे. दुसऱ्या हेन्रीने ११८० मध्ये सुरू केलेल्या आखूड क्रुसाच्या पेनीवर ‘हेन्रिकस’ हे नाव होते. त्याच्यामागून पहिला रिचर्ड आला, जॉन आला, तिसरा हेन्री आला. तरी १२४७ पर्यंत पेनीवर नाव ‘हेन्रिकस’ हेच राहिले आणि मुखही त्याच साच्याचे. ज्या रिचर्डच्या शौर्याच्या कथांनी युरोप भरून गेला, त्याचे नाव इंग्लंडातील त्याच्या स्वतःच्या नाण्यावर उमटलेच नाही. १२७९ च्या नाणेसुधारणेत पहिल्या एडवर्डने नवी पेनी पाडली, तिच्यावरील समोरून पाहणारे, दोन्ही बाजूंस केसांच्या बटा असलेले मुख त्याच्या पुत्राच्या व नातवाच्याही कारकिर्दीत चालू राहिले. राजाचे खरे साम्य दाखविणारे मुख इंग्रजी नाण्यावर येण्यास सातवा हेन्री उजाडावा लागला. सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या त्याच्या टेस्टूनवर ते प्रथम दिसते.

दुसरे साधन थडग्यांवरील शिल्पांचे. तेथेही साम्य सर्वत्र नाही. दुसरा हेन्री व पहिला रिचर्ड यांच्या शिल्पाकृती फ्रान्समध्ये फोंतव्रो येथे, जॉनची वूस्टर येथे आहे. तिसऱ्या हेन्रीचे सोनेरी मुलाम्याचे कांस्यशिल्प विल्यम टोरेल या सोनाराने १२९१ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेसाठी केले, ते राजा मरून एकोणीस वर्षे झाल्यावर. त्याने घडविला तो आदर्श राजा, हेन्री नव्हे. निश्चित साम्याची सुरुवात चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात होते. तिसऱ्या एडवर्डच्या अंत्ययात्रेसाठी केलेल्या लाकडी प्रतिमेचा चेहरा १३७७ मध्ये मृताच्या मुखावरून घेतलेल्या साच्यावर बेतलेला दिसतो, आणि दुसऱ्या रिचर्डने आपल्या व राणीच्या थडग्यावरील शिल्प आपल्या हयातीतच करवून घेतले. उलट पहिल्या विल्यमचे कां येथील थडगे १५६२ मध्ये धर्मयुद्धात उद्ध्वस्त झाले. पाचव्या हेन्रीच्या शिल्पाचे रुप्याचे मस्तक १५४६ मध्ये चोरीस गेले. पहिल्या एडवर्डच्या थडग्यावर तर शिल्प कधी बसविलेच गेले नाही. काळसर दगडाची साधी पेटी, एवढेच त्याचे स्मारक.

तिसरे साधन चित्रांचे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडातील सरदारांच्या वाड्यांत राजांच्या चित्रांच्या ओळी लावण्याची रीत पडली. ओळ पूर्ण व्हावी म्हणून ज्यांचे चित्र उपलब्ध नव्हते त्यांचे कल्पनेने केले गेले. मग त्या चित्रांवरून खोदचित्रे निघाली, खोदचित्रांवरून ग्रंथ सजले, आणि दोनतीन पिढ्यांत कल्पनेला परंपरेचे वजन आले. दास्ये काम करीत होता तो या परंपरेच्या पुढच्या टोकाला उभा राहून. त्याने नवे असत्य रचले असे म्हणता येणार नाही. त्याने चालत आलेल्या अनुमानाला धातूचे रूप दिले. परंतु कागदावरील अनुमान आणि धातूवरील अनुमान यांत फरक आहे. कागद फाटतो, रंग उडतो, आणि त्याबरोबर त्याची अधिकारवाणीही क्षीण होते. पदक दोनशे वर्षांनंतरही तितक्याच आत्मविश्वासाने बोलते.

३

दास्येच्या मालेवरील मुख्य आक्षेप येथे उपस्थित होतो. त्याने काही चेहरे कल्पनेने दिले, हा तो आक्षेप नव्हे. माला म्हटली की ओळ पूर्ण करणे आलेच. आक्षेप असा की, ज्याला लंडनमध्ये कोणीही पाहू शकत होते असा दुसरा जॉर्ज आणि ज्याला पाहणारा शेवटचा माणूस जाऊन सहा शतके लोटली होती असा पहिला विल्यम, या दोघांना त्याने एकाच मापात, एकाच उठावात, एकाच ठामपणाने कोरले. पाहणाऱ्याला पुराव्याचा जो चढउतार कळावयास हवा तो मालेच्या एकसारखेपणाने पुसून टाकला. दुसऱ्या रिचर्डचा चेहरा समकालीन शिल्प व वेस्टमिन्स्टरमधील चित्र यांच्याशी ताडून पाहता येतो. पहिल्या एडवर्डचा चेहरा कशाशीच ताडता येत नाही. आणि तरीही मालेत ते एकमेकांचे सारखेच विश्वसनीय शेजारी आहेत.

पुढील काळाने या मालेची दोन ठिकाणी परीक्षा पाहिली. १७७४ मध्ये, म्हणजे पदक निघाल्यावर सुमारे चार दशकांनी, लंडनच्या पुरातत्त्वप्रेमी मंडळींनी पहिल्या एडवर्डचे थडगे उघडले आणि देहाची उंची ६ फूट २ इंच भरल्याची नोंद केली. ‘लांबटांग्या’ हे त्याचे टोपणनाव खरे ठरले. परंतु खांद्यापर्यंतच थांबणाऱ्या पदकाला ही एकमेव खात्रीची गोष्ट सांगण्याची सोयच नव्हती! दुसरी परीक्षा तिसऱ्या रिचर्डची. २०१२ मध्ये लेस्टर येथे वाहने उभी करण्याच्या जागेखाली त्याचा सांगाडा सापडला व कवटीवरून २०१३ मध्ये चेहऱ्याची पुनर्रचना झाली. पाठीच्या कण्याला बाक होता हे सिद्ध झाले, पण नाटकांनी व जुन्या चित्रांनी रंगविलेला विद्रूप कुबडा मात्र हाडांत आढळला नाही. अशा पुनर्रचनेलाही मर्यादा आहेत. तरी तिचे करणारे आपला आधार कोणता व अनुमान कोणते हे सांगतात. दास्येची पदके ते सांगत नाहीत.

मात्र एक गोष्ट न्यायाने नोंदविली पाहिजे. या मालेची मागील बाजू दर्शनी बाजूहून अधिक सत्य आहे. तेथील वर्षे बखरींशी व दप्तरांशी ताडून पाहता येतात, चुकली असल्यास दुरुस्त करता येतात. थडग्याची आकृती काल्पनिक असली तरी ती काल्पनिक आहे हे पाहताक्षणी कळते. प्रतीक स्वतःला प्रतीक म्हणूनच पुढे करते. चेहरा मात्र प्रतीक असून साक्षीदाराचा आव आणतो.

आणखी एक. दुसरा जॉर्ज हा हॅनोव्हरहून आलेल्या घराण्यातील दुसराच राजा. ते घराणे इंग्लंडच्या गादीवर येऊन १७३१ मध्ये अवघी सतरा वर्षे झाली होती. अशा राजाला अर्पण केलेली माला ज्या पहिल्या विल्यमपासून सुरू होते तोही समुद्रापलीकडून आलेलाच होता. दोन टोकांना दोन परके, आणि मधली ओळ अखंड. ही रचना राजनिष्ठ ग्राहकाला काय सांगत होती हे उघड आहे. तेव्हा ही पदके अकराव्या किंवा तेराव्या शतकाचा पुरावा नव्हेत. ती १७३१ चा उत्तम पुरावा होत. त्या वर्षी इंग्लंडला आपले राजे कसे दिसावेत असे वाटत होते, हे त्यांवरून कळते. या मर्यादेत त्यांचे मोल कमी नाही.

४

या प्रश्नाकडे मराठी अभ्यासकाने पाहावयाचे ते केवळ परदेशी कुतूहल म्हणून नव्हे. पहिला एडवर्ड १२७२ मध्ये राजा झाला. देवगिरीवर रामचंद्र यादव १२७१ पासून राज्य करीत होता. १२९० मध्ये एडवर्डची राणी एलिनॉर निवर्तली आणि पुढील वर्षी टोरेलने तिची कांस्यप्रतिमा हाती घेतली. त्याच १२९० मध्ये, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. दोन्ही देशांत एकाच वेळी नाणी पडत होती. एडवर्डच्या पेनीवर मुख होते. रामचंद्राच्या सोन्याच्या पद्मटंकावर मध्यभागी कमळ आणि ‘श्रीराम’ ही अक्षरे. वरवर पाहता एकीकडे व्यक्ती आणि दुसरीकडे चिन्ह असा भेद दिसतो. परंतु पेनीवरील मुख पिढ्यान्‌पिढ्या बदलत नव्हते हे ध्यानात घेतले म्हणजे तेही एक कमळच होते असे म्हणावे लागते. त्याचा अर्थ ‘राजा’ असा होता, ‘एडवर्ड’ असा नव्हे. दास्येने केले ते हे की, चिन्हाला साम्य समजण्याच्या सवयीवर त्याने शिक्कामोर्तब केले.

मराठी राज्याच्या नाण्यांनी हा मोह शेवटपर्यंत टाळला. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या समारंभास मुंबईहून इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडेन हजर होता. म्हणजे नाण्यावर राजाचे मुख छापणाऱ्या देशाचा माणूस तेथे होता. तथापि शिवछत्रपतींच्या सोन्याच्या होनावर आणि तांब्याच्या शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ एवढीच अक्षरे आहेत. मुखही नाही आणि गौरवाची लांबलचक फारसी वाक्येही नाहीत. नाव आणि पद, दोनच गोष्टी. आणि दोन्ही निर्विवाद सत्य. त्यांच्या मुद्रेतही राज्याची उपमा प्रतिपदेच्या चंद्ररेखेशी दिलेली आहे, राजाच्या रूपाचा उल्लेख नाही. पदकांच्या सत्यासत्यतेचा विचार करताना शिवराईचा हा संयम दृष्टीआड करता येत नाही.

मुखाचे नाणे मराठी माणसाला अपरिचित होते असे मात्र नव्हे. व्हेनिसचे सोन्याचे दुकात व्यापाराने पश्चिम किनाऱ्यावर येत. त्यांच्या एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तेथील राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या वलयात ख्रिस्त. मराठी माणसाने त्यांतील कोणालाच नावाने ओळखले नाही. आकृती आहे म्हणून त्या नाण्याला ‘पुतळी’ म्हटले, आणि स्त्रियांच्या गळ्यात पुतळ्यांची माळ आली. पुढे देशी सोनारांनी पाडलेल्या पुतळ्यांवर लक्ष्मी आली, रामपंचायतन आले. गिरगाव-ठाकूरद्वारच्या सराफी पेढ्यांवर विकली जाणारी पुतळ्यांची माळ हे या स्वीकाराचे जिवंत उदाहरण आहे. परक्याचे मुख येथे व्यक्ती म्हणून आले नाही, शुभचिन्ह म्हणून आले. इंग्रजी अमलात १८३५ मध्ये चौथ्या विल्यमचे मुख असलेला एकजिनसी रुपया आल्यावर, आणि पुढे व्हिक्टोरियाचा ‘राणीछाप’ रुपया घरोघर पोचल्यावर, जिवंत राज्यकर्त्याचे मुख धातूवर पाहण्याची सवय सर्वांना झाली. लोक तो धातू किती बारकाईने पाहत याचा दाखला १९११ च्या रुपयाने दिला. पाचव्या जॉर्जच्या अंगावरील पदकमालेतील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि सरकारला तो ठसा बदलावा लागला. धातूवरील आकृती क्षुल्लक नसते हे टांकसाळीला त्या वेळी कळून चुकले.

५

मराठी समाजाने आपल्या पूर्वजांना चेहरे देण्यास सुरुवात केली ती विसाव्या शतकाच्या आगेमागे, आणि तिचे एक केंद्र गिरगाव हेच होते. १८९४ मध्ये रविवर्म्याचा शिळाछापखाना प्रथम गिरगावात निघाला व देवादिकांची रंगीत चित्रे स्वस्त झाली. ठाकूरद्वारापासून जवळच असलेल्या सेंट्रल सिनेमात १९३६ च्या डिसेंबरात प्रभातचा ‘संत तुकाराम’ लागला आणि वर्षाहून अधिक काळ चालला. विष्णुपंत पागनीस यांचा सौम्य चेहरा त्यानंतर असंख्य प्रेक्षकांच्या मनात तुकारामांचा चेहरा होऊन बसला. १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’ने शाहू मोडक यांच्या रूपाने तेच कार्य ज्ञानेश्वरांविषयी केले. येथे कोणी फसविले नाही आणि कोणी फसलेही नाही. नट हा नट आहे हे प्रत्येकास ठाऊक होते. तरी चेहरा मनात राहिला. दास्येच्या मागे राजांच्या चित्रांची जी ओळ उभी होती तिची निर्मिती कशी झाली असेल, याचा अंदाज या एका उदाहरणावरून यावा.

स्वतंत्र भारताच्या टांकसाळींनी १९९९ मध्ये ज्ञानेश्वरांच्या स्मरणार्थ १ रुपयाचे आणि शिवछत्रपतींच्या स्मरणार्थ २ रुपयांचे, अकरा बाजूंचे, नाणे काढले. व्यवहारात चालणारी असली तरी वृत्तीने ही दोन्ही स्मृतिपदकेच होत. त्यांची तुलना केल्यास दास्येच्या मालेतील दोष पुन्हा समोर येतो. शिवछत्रपतींचा चेहरा सर्वस्वी अज्ञात नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील दख्खनी शैलीतील चित्रे युरोपातील संग्रहांत आहेत. ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयातील चित्रसंचात, मनुचीने जमविलेल्या चित्रांत त्यांची प्रतिमा आहे, आणि व्हॅलेंटाइनच्या डच ग्रंथातील खोदचित्रही आहे. एके काळी भलत्याच व्यक्तीचे चित्र शिवाजीमहाराजांचे म्हणून प्रचारात होते, वा. सी. बेंद्रे यांनी परदेशी साधनांच्या आधारे ते दूर सारून विश्वसनीय चित्र पुढे आणले, हा मराठी संशोधनाचा लहानसा पण निर्णायक विजय होय. ज्ञानेश्वरांच्या बाबतीत असे एकही समकालीन साधन नाही. तरीही एकाच वर्षी दोघांच्या प्रतिमा सारख्याच निःशंकपणे पाडल्या गेल्या. एकाची प्रतिमा पुराव्याची वारस आहे, दुसऱ्याची श्रद्धेची. नाणे हा भेद सांगत नाही.

६

यावर एक गंभीर हरकत घेता येईल. ज्या समाजाने मूर्तिपूजा आपली मानली त्याने साम्याचा एवढा बाऊ का करावा? ठाकूरद्वार हे नावच ठाकुराच्या, म्हणजे देवाच्या दारावरून आले. त्या वस्तीतील राममंदिरांत जाणारा भाविक मूर्ती रामासारखी आहे की नाही असे कधी विचारीत नाही. मग ज्ञानेश्वरांच्या किंवा एडवर्डच्या मुखाविषयीच हा प्रश्न का?

हरकत बिनतोड वाटते, पण ती टिकत नाही. मूर्ती ध्यानावरून घडते. तिचे हात, आयुधे, मुद्रा शास्त्राने ठरविलेली असतात आणि ती अमुक वर्षी अमुक ठिकाणी होऊन गेलेल्या देहाचे साम्य असल्याचा दावा करीत नाही. म्हणून तिच्याविषयी खरेखोटेपणाचा प्रश्न उद्भवत नाही. पदक मात्र चेहऱ्याभोवती नाव कोरते आणि चेहऱ्यामागे जन्ममृत्यूची वर्षे घालते. ज्या क्षणी वर्ष घातले त्या क्षणी प्रतिमा ध्यानाच्या प्रांतातून इतिहासाच्या प्रांतात आली, आणि इतिहासाचे नियम तिला लागू झाले. भक्तीचा हक्क आणि इतिहासाचा अधिकार ही दोन्ही एकाच धातूच्या चकतीला एकदम मागता येत नाहीत. दास्येच्या मालेचा दोष हाच, आणि मराठी प्रतिमांच्या बाबतीतला धोकाही हाच.

धोका काल्पनिक नाही. चेहरा एकदा रूढ झाला की त्याच्यावरून स्वभाव वाचला जातो. तिसऱ्या रिचर्डची कुटिलता त्याच्या चित्रांतून वाचली गेली आणि चित्रे त्या कुटिलतेसाठीच बदलली गेली. पुरावा आणि निष्कर्ष एकमेकांना खांदा देत राहिले. मराठी चरित्रलेखनातही एखाद्या पुरुषाच्या ‘तेजस्वी नेत्रां’चे वर्णन येते तेव्हा ते समकालीन पाहणाऱ्याच्या शब्दांवरून आले की भिंतीवरच्या तसबिरीवरून, हे विचारण्याची गरज आहे. तसबीर पाहून लिहिलेले वर्णन पुढील चित्रकाराला आधार म्हणून मिळते, आणि चक्र पूर्ण होते.

यावर उपाय पदके न पाडण्याचा नाही. ती वाचण्याची शिस्त बसविण्याचा आहे. कोणत्याही स्मृतिपदकावरील मुखाचा उपयोग करण्यापूर्वी त्याची तीन वर्गांत विभागणी करावी : व्यक्तीस प्रत्यक्ष पाहून केलेले, समकालीन शिल्प वा चित्र यांवरून घेतलेले, आणि केवळ कल्पित. दास्येच्या मालेत तिन्ही वर्ग आहेत आणि वर्गीकरण करून पाहिल्यास तिचे सौंदर्य कमी होत नाही, तिचा अर्थ मात्र स्पष्ट होतो. तिसऱ्या वर्गातील मुखाला त्या व्यक्तीच्या काळाचा पुरावा न मानता पदक पाडणाऱ्याच्या काळाचा पुरावा मानावे. आणि जेथे चेहरा माहीत नाही तेथे काय करावे याचा एक कित्ता मराठी भूमीतच उपलब्ध आहे. पद्मटंकाने कमळ व नाव दिले, शिवराईने नाव व पद दिले. आणि तेवढ्यावर शतकानुशतके स्मरण अबाधित राहिले. कां येथील थडगे मोडले, वेस्टमिन्स्टरमधील रुप्याचे मस्तक चोरीस गेले. शिवराईवरील अक्षरे मात्र झिजलेल्या तांब्यावर बोट फिरवले तरी आजही वाचता येतात.